पाण्याखालची फजिती

मैत्रिणींनो, पन्नाशीच्या बाईनं समुद्राच्या तळाशी जायचं म्हणजे घरच्यांच्या मते खूळच! पण मालवणला गेलो, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा डायव्हिंग करायचंच, असा हट्ट मी धरला.

पहिली फजिती होडीतच. "काकू, मास्कच्या काचेला आतून थुंकी लावा, म्हणजे वाफ धरणार नाही," शिक्षक म्हणाले. चारचौघांत थुंकायचं कसं? मी नुसतंच पाणी फिरवलं. खाली गेले तर सगळं धुकं!

मास्क धुऊन पुन्हा उतरले. शिक्षकांनी अंगठा नि तर्जनी जुळवून "ठीक?" असं खुणेनं विचारलं. मी उत्साहानं अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ "वर चला"! आले आपली वर. होडीत आमचे 'हे' पोट धरून हसताहेत!

त्या हशाला मी इतकी ओशाळले, की तिसऱ्या खेपेस कान ठणकू लागला तरी गप्प राहिले. चूक खरी ती हीच. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. उतरतानाच नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकत कान मोकळे करायचे असतात. दुखलं तर थोडं वर यायचं. नाहीतर कानाचा पडदा फाटायचा! श्वासही कधी रोखायचा नाही.

शिक्षकांनी चेहरा ओळखला, म्हणून निभावलं.

दुखणं अंगावर काढायची आपली सवय. हसं झालं तरी चालेल, पण बायांनो, दुखतंय ते वेळेवर सांगा!