गुदाशय काढल्यानंतरचे दिवस

हृदयाच्या शस्त्रक्रियेची चौकशी आपण मोकळेपणाने करतो. गुदाशयाचे नाव निघाले की आवाज खाली येतो. या संकोचापायी घरी परतलेल्या रुग्णाला साध्या गोष्टीही कोणी सांगत नाही.

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. बहुधा कर्करोगामुळे तो काढावा लागतो. गाठ अगदी खाली असेल, तर गुदद्वारही काढून आतड्याचे टोक पोटावर कायमचे आणतात. लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली ही पद्धत मांडली. गाठ वर असेल, तर आतडे खाली जोडता येते. जोड भरून येईपर्यंत अनेकदा लहान आतड्याचे तोंड काही महिने पोटावर ठेवतात.

या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्याची जागा शस्त्रक्रियेपूर्वीच, रुग्णाला उभे करून आणि बसवून ठरवतात. तेव्हाच धोतर कुठे बांधता, साडी कुठे खोचता, हे सांगावे. स्टोमा लाल व ओलसर असतो. हात लावल्यास दुखत नाही. सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे तो आकसत जातो, म्हणून पिशवीच्या चकतीचे भोक दर वेळी मोजून कापावे. पिशवी अर्धी भरण्याआधीच रिकामी करावी. स्टोमा काळा पडला, किंवा पोट दुखून उलट्या होत असताना पिशवीत काहीच येईना, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. लहान आतड्याच्या स्टोमातून पाण्याबरोबर मीठही जाते. त्याचे प्रमाण वाढल्यास नुसते पाणी पुरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने जलसंजीवनी घ्यावी.

गुदद्वाराच्या जागची जखम भरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. मऊ उशीवर बसावे. मध्ये भोक असलेली उशी टाळावी, तिने जखम ताणली जाते. डॉक्टर परवानगी देईपर्यंत भरलेली बादली किंवा गॅसचे सिलिंडर उचलू नये. हर्नियाचा धोका असतो. गुदाशय नसतानाही शौचाला लागल्याचा भास होतो. तो मज्जातंतूंचा परिणाम आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही.

ज्यांचे आतडे जोडले आहे, त्यांची मल साठवण्याची जागा लहान झालेली असते. त्यामुळे वारंवार आणि घाईने जावे लागते. वर्षभरात, कधी दोन वर्षांत हा त्रास बराच कमी होतो. औषधे व स्नायूंचे व्यायामही उपयोगी पडतात. जवळच्या मज्जातंतूंना धक्का लागल्याने लघवी किंवा वैवाहिक संबंधांत अडचण येऊ शकते. तीही डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. तिच्यावर उपचार आहेत.

आता घरच्यांसाठी. सोवळ्याओवळ्याच्या विचाराने असा माणूस स्वतःच देवघरापासून आणि पंगतीपासून दूर बसू लागतो, आणि आपणही त्याला हाक मारत नाही. नीट बसलेल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही. पंगतीतले त्याचे पान पूर्वीच्याच जागी मांडा, आणि नेहमीसारखी हाक मारा.