रुंदी सांगणारे दिवे

रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाला दिव्यांची गरज दोन कारणांसाठी असते. पहिले कारण सर्वांच्या परिचयाचे आहे: चालकाला पुढचा रस्ता दिसला पाहिजे. दुसरे कारण मात्र तितकेसे ध्यानात येत नाही. ते वाहन इतरांनाही दिसले पाहिजे; आणि नुसते दिसून भागत नाही, ते केवढे आहे हेही दुरूनच कळले पाहिजे. मोठ्या ट्रकच्या व ट्रेलरच्या वरच्या कोपऱ्यांवर जे लहान लहान दिवे लावलेले असतात, त्यांचे प्रयोजन हेच होय. ते रस्ता उजळीत नाहीत. वाहनाची कड कोठे संपते एवढेच ते सांगतात. वाहनव्यवसायात त्यांना क्लिअरन्स लाइट म्हणतात. आपण त्यांना रुंदीदर्शक दिवे म्हणू.

दिवसा आपण वाहनाचा आकार त्याच्या बाह्यरेषेवरून ओळखतो. रात्री ही बाह्यरेषा नाहीशी होते आणि उरतात ते केवळ प्रकाशाचे ठिपके. पुढे दोन तांबडे ठिपके दिसत असतील, तर ते जवळच्या लहान मोटारीचे आहेत की दूरच्या अवजड ट्रकचे, याचा निवाडा डोळ्याला सहजासहजी करता येत नाही. २.६ मीटर रुंदीचे वाहन ३०० मीटरांवर असताना आपल्या डोळ्याला जवळजवळ पूर्णचंद्राच्या बिंबाइतकेच रुंद भासते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २५ मीटर अंतर कापते. पुढचा ट्रेलर बंद पडून उभा असेल, तर हे ३०० मीटर अंतर अवघ्या १२ सेकंदांत संपते. धोका ओळखून ब्रेक दाबण्यास दीड सेकंद लागला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावरही मोटार थांबेपर्यंत सुमारे ९० मीटर पुढे गेलेली असते. खाली झुकविलेल्या हेडलाइटच्या उजेडात एवढ्या अंतरावरची काळोखी वस्तू दिसेलच, याची खात्री देता येत नाही. म्हणूनच मोठ्या वाहनाने आपली ओळख स्वतःच दिली पाहिजे.

या प्रश्नाचा सविस्तर विचार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्यात केलेला आढळतो. तेथे १९६६ मध्ये राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा अधिनियम संमत झाला आणि त्याखाली वाहनांच्या बांधणीची मानके ठरविण्यात आली. त्यांपैकी १०८ क्रमांकाचे मानक दिव्यांसंबंधी आहे. १ जानेवारी १९६८ पासून ते प्रथम लागू झाले ते ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर, किंवा त्याहून अधिक रुंदीच्या वाहनांना. इतर वाहनांचा समावेश त्यानंतर एका वर्षाने झाला. रुंद वाहनांचा विचार आधी झाला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

ही रुंदी मोजताना वाहनाचा सर्वांत रुंद भाग धरतात. बाजूचे आरसे, लवचिक चिखलरोधक आणि खुद्द हे दिवे त्यात मोजले जात नाहीत. वाहन ८० इंचांची मर्यादा गाठत असेल, तर त्यावर पुढच्या बाजूस दोन पिवळसर नारिंगी आणि मागच्या बाजूस दोन तांबडे रुंदीदर्शक दिवे असावे लागतात. ते डावीउजवीकडे सारख्या उंचीवर, मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर आणि शक्य तितके वर असले पाहिजेत. यांखेरीज वाहनाच्या मध्यभागी, माथ्याजवळ, एका ओळीत तीन दिवे बसवितात. त्यांतील अंतर ६ ते १२ इंच असते. हे ओळखीचे दिवे होत. चढाच्या पलीकडून येणाऱ्या वाहनाचा माथा प्रथम दिसतो, तेव्हा हे तीन दिवे इतर दिव्यांच्या आधी नजरेस पडतात आणि पुढे काहीतरी अवजड आहे, हे चालकाला वेळीच उमगते. ट्रेलरच्या पुढच्या बाजूस मात्र ओळखीच्या दिव्यांची आवश्यकता नसते, कारण तेथे ओढणारा ट्रक असतो.

येथे असा प्रश्न उद्भवतो की, ट्रक अरुंद आणि त्यामागचा ट्रेलर रुंद असेल, तर काय करावे? अमेरिकेत शेतकरी, बांधकामाचे कंत्राटदार आणि नौका बाळगणारे लोक लहान पिकअप ट्रकमागे मोठे ट्रेलर जोडून सर्रास प्रवास करतात. अनेक पिकअप ट्रकची रुंदी ८० इंचांच्या आत असते. त्यांना रुंदीदर्शक दिव्यांची सक्ती नाही. ज्यांच्या मागे दोन्ही बाजूंस जोडचाके असतात ते ट्रक ही मर्यादा ओलांडतात, म्हणून त्यांच्या टपावर पाच नारिंगी दिव्यांची ओळ दिसते: मधले तीन ओळखीचे आणि कडेचे दोन रुंदीचे. ट्रेलर मात्र १०२ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे २५९ सेंटिमीटरांपर्यंत, रुंद असू शकतो. १९५६ पासून असलेली ९६ इंचांची मर्यादा १९८२ च्या कायद्यानंतर तेथील प्रमुख महामार्गांवर १०२ इंचांपर्यंत वाढविण्यात आली.

आता समोरून येणाऱ्या चालकाची स्थिती पाहा. त्याला दिसतात ते पिकअप ट्रकचे दोन हेडलाइट. त्यांवरून तो येणाऱ्या वाहनाची रुंदी ठरवितो आणि त्या हिशेबाने आपली मोटार कडेने काढतो. परंतु ८० इंचांच्या ट्रकमागे १०२ इंचांचा ट्रेलर असेल, तर तो प्रत्येक बाजूस ११ इंच, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर, बाहेर आलेला असतो. ग्रामीण भागातील १० फुटी मार्गिकेत असा ट्रेलर अगदी मधोमध चालला, तरी त्याच्या दोन्ही अंगांस जेमतेम २३ सेंटिमीटर जागा उरते. हेडलाइट मागे पडले, वाहन सुखरूप ओलांडले असे वाटत असतानाच ट्रेलरचा कोपरा मोटारीवर येऊन आदळण्याचा संभव असतो. म्हणून कायद्याचे धोरण असे आहे की, प्रत्येक वाहनाचे दिवे त्याच्या स्वतःच्या रुंदीवरून ठरावेत. ओढणारा ट्रक अरुंद आहे, या सबबीवर ट्रेलरची सुटका होत नाही. ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यांवरील दोन नारिंगी दिवे समोरच्या चालकाला जणू बजावतात, की खरी कड येथे आहे.

दिव्याच्या जागेबाबत नियम काटेकोर असले, तरी हटवादी नाहीत. नौका वाहून नेणाऱ्या ट्रेलरला पुढचे किंवा मागचे उंच कोपरेच नसतात. अशा ट्रेलरवर प्रत्येक बाजूस, साधारण मध्यावर, पुढून नारिंगी व मागून तांबडा दिसणारा एकच दिवा बसविला तरी चालतो. अट एवढीच की, त्याने सर्वाधिक रुंदी दाखविली पाहिजे. उलट, रुंदीदर्शक दिवा आणि टेललाइट किंवा ओळखीचा दिवा यांचे काम एकाच दिव्याकडून करून घेण्यास मनाई आहे. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थ आहे आणि तो दुसऱ्यात मिसळता कामा नये, हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो.

दिवे बसविले म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. ट्रेलरला वीज मिळते ती पुढच्या ट्रकमधून. अवजड ट्रकांत ही जोडणी सात तारांच्या केबलने केलेली असते आणि रुंदीदर्शक, ओळखीचे व बाजूचे दिवे यांच्यासाठी त्यांतील काळी तार राखून ठेवलेली असते. जोडाच्या खुंट्यांवर गंज चढला किंवा ती एक तार तुटली, तर हे सारे दिवे एकदम विझतात. ट्रकचे स्वतःचे दिवे व्यवस्थित चालू असल्यामुळे चालकाला आपल्या जागेवर बसून याची गंधवार्ताही लागत नाही. निघण्यापूर्वी दिवे लावून वाहनाभोवती एक फेरी मारणे, हाच यावर खात्रीचा उपाय आहे. व्यावसायिक वाहतुकीच्या नियमांनीही दिवे चालू स्थितीत ठेवण्याची आणि ते माल, फळी किंवा चिखल यांनी झाकले जाऊ न देण्याची जबाबदारी घातली आहे.

माल बाहेर आला की वाहनाची रुंदीही वाढते. अमेरिकेत माल बाजूस ४ इंचांहून किंवा मागे ४ फुटांहून अधिक बाहेर येत असेल, तर त्यावर दिवसा किमान १८ इंच लांबीरुंदीची तांबडी अथवा नारिंगी निशाणे आणि रात्री दिवे लावावे लागतात. ऊसगाळपाच्या हंगामात महाराष्ट्रातील रस्त्यांवरून ट्रॅक्टरमागे जोडलेले उसाचे ट्रेलर ज्यांनी रात्री पाहिले आहेत, त्यांना या तरतुदीचे मर्म वेगळे सांगावयास नको. उसाची टोके चौकटीबाहेर आली, की ट्रेलरचे दिवे झाकले जातात आणि नेमका सर्वांत रुंद भाग अंधारात राहतो.

दिवा विझू शकतो, हे ओळखून पुढे त्याला परावर्तक पट्टीची जोड देण्यात आली. १ डिसेंबर १९९३ पासून बनणाऱ्या, ८० इंच वा अधिक रुंदीच्या अवजड ट्रेलरांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या अमेरिकेत आवश्यक ठरल्या. त्यांना वीज लागत नाही. मागून येणाऱ्याचाच प्रकाश त्या त्याच्याकडे परतवितात. तेथील राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, या पट्ट्यांमुळे अंधारात ट्रेलरला बाजूने किंवा मागून होणाऱ्या धडका २९ टक्क्यांनी कमी झाल्या. तथापि, पट्टी दिव्याची जागा घेऊ शकत नाही. तिच्यावर प्रकाश पडेल तेव्हाच ती दिसते. वळणावरून किंवा चढापलीकडून येणाऱ्याचा प्रकाश तिच्यापर्यंत पोहोचतोच असे नाही.

युरोपातील नियम थोडे वेगळे आहेत. तेथे २.१० मीटरांहून रुंद वाहनांना असे दिवे सक्तीचे असून पुढच्या दिव्यांचा रंग पांढरा असतो. आकडे व रंग बदलले, तरी मूळ तत्त्व एकच आहे. हे दिवे ट्रेलर ओढणाऱ्याच्या सोयीसाठी नसतात. रात्री त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला आपली मोटार किती बाजूस घ्यावी हे वेळेवर कळावे, म्हणून ते लावावयाचे असतात.