हिमस्खलनातील एअरबॅग आणि विमानातील दाबाचे गणित

हिमस्खलनात सापडलेल्या माणसाला बर्फाच्या पृष्ठभागावर ठेवणारी एअरबॅगची पाठपिशवी विमानातून नेता येते का, हा प्रश्न प्रथमदर्शनी प्रवासाच्या सोयीपुरता वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी पदार्थविज्ञानातला एक गंभीर विषय आहे, कारण डोंगरावर जीव वाचवण्यासाठी जी ऊर्जा पिशवीत कोंडून ठेवलेली असते, तीच ऊर्जा विमानाच्या बंदिस्त जागेत धोका ठरू शकते. उदाहरणार्थ, भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गावरील लाखनी हा धानाचा आणि तलावांचा मुलूख असून तेथे बर्फ कधी पडत नाही. मात्र तेथून गुलमर्गच्या उतारांवर स्कीइंगसाठी किंवा हिमालयातील गिर्यारोहणासाठी निघालेल्या व्यक्तीला नागपूरच्या विमानतळावरील सुरक्षा तपासणीतच या विषयाला सामोरे जावे लागते. महाराष्ट्राचे हिमस्खलनाशी असलेले नाते दुर्दैवाने दूरचे नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये बर्फाखाली गाडल्या गेलेल्या दहा सैनिकांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता, आणि जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागातील हिमस्खलनात प्राण गमावलेल्यांत अकोला जिल्ह्यातील जवानही होते.

हिमस्खलनात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा गुदमरून. वाहते बर्फ थांबताच घट्ट होते, हातपाय हलवता येत नाहीत आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड नाकातोंडाभोवतीच साचत जातो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा ते पंधरा मिनिटांत बाहेर काढला गेला, तर तो जगण्याची शक्यता खूप मोठी असते, परंतु अर्ध्या तासानंतर ती वेगाने घटून एक तृतीयांशाच्या आसपास येते. त्यामुळे गाडल्या गेलेल्याला शोधण्यापेक्षा तो मुळात गाडलाच जाऊ नये, हा उपाय अधिक परिणामकारक ठरतो. १९७० च्या दशकात बव्हेरियातील एका वनरक्षकाच्या लक्षात आले, की खांद्यावर शिकारीचे जनावर असताना आपण हिमप्रवाहाच्या वरच्या थरात राहतो. या निरीक्षणाचा धागा पकडून उद्योजक पीटर आशाउअर यांनी १९८० मध्ये एअरबॅगच्या विकासाला हात घातला आणि १९८५ मध्ये ती बाजारात आणली.

एअरबॅग माणसाला बर्फावर तरंगवते असे सर्रास म्हटले जाते; मात्र साधा हिशेब केला, तर हे स्पष्टीकरण अपुरे पडते. सामानासह सुमारे ९० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचे आकारमान साधारण ९० लिटर धरले आणि त्यात १५० लिटरच्या फुगलेल्या पिशवीची भर घातली, तर दोघांची सरासरी घनता दर घनमीटरला सुमारे ३७५ किलोग्रॅम येते, आणि वाहत्या बर्फाची घनता अनेकदा याहूनही कमी असते. म्हणजे लाकूड पाण्यावर तरंगते तशी ही क्रिया नसते. येथे काम करते ते कणांचे आकारानुसार वेगळे होणे: वेगवेगळ्या आकाराचे कण एकत्र हलू लागले, की लहान कण मधल्या फटींतून खाली घसरतात आणि मोठे कण आपोआप वर ढकलले जातात. भंडारा जिल्ह्यात तांदूळ सुपात हलवताना कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, तळाशी जमते आणि अख्खा दाणा वर राहतो, तो याच नियमाने. फुगलेली पिशवी माणसाचे आकारमान वाढवते, त्यामुळे हिमप्रवाहात तो मोठा कण ठरतो. म्हणूनच प्रवाह वाहत असेपर्यंतच पिशवीचा उपयोग होतो, आणि वरून दुसरे स्खलन येऊन कोसळले किंवा माणूस दरीसारख्या खोलगट जागी जाऊन पडला, तर तिचा फायदा फार थोडा उरतो.

ही पिशवी काही सेकंदांत फुगवावी लागते आणि त्यासाठी दोन पद्धती वापरल्या जातात. पहिल्या पद्धतीत हवा किंवा नायट्रोजन सुमारे ३०० बार दाबाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील वातावरणाच्या दाबाच्या जवळपास तीनशे पट दाबाने, लहान सिलिंडरमध्ये भरलेला असतो. हँडल ओढताच वायू वेगाने बाहेर पडतो आणि एका अरुंद मार्गातून जाताना बाहेरची हवाही आत ओढून घेतो, त्यामुळे छोट्याशा सिलिंडरवर मोठी पिशवी भरते. दुसऱ्या पद्धतीत विजेवर चालणारा पंखा हवा भरतो, आणि त्याला ऊर्जा मिळते ती लिथियम बॅटरीतून किंवा विद्युतभार झटपट सोडणाऱ्या संधारित्रातून.

उंचावर हवा विरळ झाल्याने सिलिंडर फुटेल, अशी शंका अनेकांना येते. ती निराधार आहे. प्रवासी विमानाच्या केबिनमधील दाब साधारणतः ०.७५ बारच्या खाली जाऊ दिला जात नाही, त्यामुळे ३०० बारच्या सिलिंडरला बाहेरच्या दाबात पाव बारची घट जवळजवळ जाणवतही नाही. खरा धोका उष्णतेचा असतो. बंद भांड्यातील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २० अंश सेल्सिअसला ३०० बार असलेला दाब १०० अंशांना सुमारे ३८० बार होतो आणि आगीत तो त्याहूनही पुढे जाऊ शकतो. उलट उणे २० अंशांच्या थंडीत तोच दाब सुमारे २६० बारवर उतरतो.

या सर्व शक्यता तोलून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तांत्रिक सूचनांत आणि त्यांवर आधारलेल्या आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमावलीत या पाठपिशवीला खास सवलत दिली आहे. विमान कंपनीच्या पूर्वसंमतीने प्रत्येक प्रवाशाला अशी एक पिशवी नेता येते. सिलिंडरमधील वायू ज्वलनशील किंवा विषारी नसावा, पिशवी चुकून उघडणार नाही अशा रीतीने बांधलेली असावी आणि तिला जादा दाब बाहेर सोडणारी झडप असावी, अशा या सवलतीच्या अटी आहेत. काही पिशव्यांत सिलिंडर उघडण्यासाठी अत्यल्प स्फोटक वापरले जाते. त्याचे वजन २०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे आणि ते १.४ एस या वर्गातले असावे, म्हणजे पेट घेतला तरी त्याचा परिणाम मुख्यतः वेष्टनापुरता मर्यादित राहील असे असावे.

पंख्याच्या पिशव्यांना बॅटरीचे नियम लागू होतात. १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येते, १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची संमती लागते, आणि सुटी बॅटरी मालकक्षात न देता हाती घेऊनच जावी लागते. यामागील कारण असे, की बॅटरीतील एका कोषाने पेट घेतला तर त्याची उष्णता शेजारच्या कोषांना पेटवत जाते. केबिनमध्ये कर्मचारी ती पाण्याने थंड करू शकतात, परंतु मालकक्षातील हॅलॉन वायू ज्वाळा दाबत असला तरी ही आतली साखळी थांबवू शकत नाही.

आंतरराष्ट्रीय सवलत असली, तरी ती सर्वत्र सारख्याच रीतीने लागू होत नाही. अमेरिकेतील विमानतळांवर वायूचे सिलिंडर रिकामे, झडप काढलेले आणि आतून तपासता येईल असे उघडे असावे लागते. कंपन्यांची धोरणेही एकमेकांपासून भिन्न असतात. म्हणून नागपूरहून दिल्लीमार्गे श्रीनगरला जाणाऱ्याने तिकीट काढतानाच सिलिंडरमधील वायू, दाब आणि स्फोटकाचे वजन कळवून कंपनीची लेखी संमती घ्यावी, ती उत्पादकाच्या माहितीपत्रकासह जवळ बाळगावी, हँडल वेगळे करून ठेवावे, आणि रिकामे सिलिंडर नेणार असल्यास मुक्कामी ते भरून मिळेल याची खात्री आधीच करून घ्यावी. सामान न सांगता दडवून नेणे हा केवळ नियमभंग नसतो. तो सहप्रवाशांच्या सुरक्षिततेवरचा आघात असतो.

हा सगळा खटाटोप सार्थ आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, हिमस्खलनात गंभीररीत्या सापडलेल्यांचा मृत्युदर पिशवी न फुगलेल्यांत २२ टक्के, तर फुगलेल्यांत ११ टक्के आढळला. त्याच अभ्यासात सुमारे २० टक्के पिशव्या फुगल्याच नाहीत, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण वापरणाऱ्याने हँडल न ओढणे हे होते. सियाचीनमधील दुर्घटनेसारखी बर्फाची प्रचंड भिंतच कोसळली, तर कोणतीही पिशवी पुरेशी ठरणार नाही, हेही तितकेच खरे. त्यामुळे उतारांचा अंदाज घेणे, हवामानाची सूचना पाळणे आणि हँडल ओढण्याचा वारंवार सराव करणे यांना पर्याय नाही. विमानतळावर लागणारी संमती आणि डोंगरावर लागणारा सराव या दोन्ही गोष्टी संकटाच्या क्षणी मिळवता येत नाहीत. त्या घर सोडण्यापूर्वीच पदरी असाव्या लागतात, आणि एअरबॅगने दिलेले संरक्षण या तयारीइतकेच भक्कम असते.