मंगळवेढा, ७२ चिन्हे आणि विनंतीची फाइल

शोधयंत्रांच्या बॉटनी संकेतस्थळावर कुठे फिरावे, कुठे नाही, हे सांगणारी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवली. त्या काळी सर्व्हर दुबळे. एखादा बॉट धडाधड पाने मागू लागला की वाचकांची रखडपट्टी होई. फाइल मात्र कुलूप नव्हे, पाटीच. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यावर आली की बुजगावणे उभे राहते. बुजणारा पक्षी बुजतो, बाकीच्यांना गोफण. सर्व्हरवरूनच बॉट अडवणे ही इथली गोफण.

भाषा तोकडी होती: बॉटचे नाव आणि खाली ‘डिसअलाउ’ म्हणून मनाईचा मार्ग. मार्ग रिकामा सोडला तर सगळे खुले, नुसती तिरकी रेघ दिली तर सगळे बंद. शिवाय मार्ग सुरुवातीपासून जुळवला जातो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी विकणाऱ्या एखाद्याने ‘मंगळवेढा’ हे एक पान झाकायला तसा नियम लिहिला, तर ‘मंगळवेढा-ज्वारी’ हे विक्रीचे पानही त्यात झाकले जाते.

देवनागरी पत्त्यांची गोष्ट आणखी निराळी. ‘मंगळवेढा’ वाचताना ५ अक्षरे. संगणकाच्या लेखी ८ वर्ण, २४ बाइट. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक-अक्षरे असा मांडला जातो, म्हणजे गावाचे नाव ७२ चिन्हांचे होते. नियमात सरळ देवनागरी आणि पत्त्यात ही माळ असली तरी दोन्ही एकच धरावीत, हे औपचारिक मानकात आले ते २०२२ मध्ये, आरएफसी ९३०९ मधून. तोवर २८ वर्षे सारा कारभार रिवाजावर चालला.

दरम्यान १९९६ मध्ये ‘हे पान शोधात दाखवू नका’ असे पानातच सांगणारा ‘नोइंडेक्स’ आला, २००५ मध्ये पानांची यादी देणारा साइटमॅप. इथे घोटाळा हमखास होतो: पाटी लावून अडवलेले पान बॉट उघडतच नाही, त्यामुळे आतला ‘नोइंडेक्स’ त्याला दिसत नाही, आणि बाहेरच्या दुव्यांवरून पत्ता शोधात झळकू शकतो. काहीजण ‘नोइंडेक्स’ थेट फाइलमध्येच लिहीत; १ सप्टेंबर २०१९ पासून गूगलने ते मानणे थांबवले.

२०२३ मध्ये भाषा-प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणारा ओपनएआयचा जीपीटीबॉट आला, पाठोपाठ ‘गूगल-एक्सटेंडेड’. या दुसऱ्या नावाचा बॉट मुळात फिरतच नाही. गूगलच्या नेहमीच्या बॉटनी नेलेला मजकूर प्रारूपांसाठी वापरावा की नाही, एवढेच फाइलमध्ये त्या नावाखाली सांगायचे असते.