कॉफीच्या मुळाशी

आमच्या बेळगावात पाहुणा आला की आधी चहाचे आधण चढते. पण माझी सासुरवाडी मुडिगेरेची, त्यामुळे घरात फिल्टर कॉफीलाही तितकाच मान! सासऱ्यांचा तिथे तीन एकरांचा उताराचा मळा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या तालुक्यात दरडी कोसळल्या, तेव्हा आमच्या मळ्याचाही एक कोपरा ओढ्यात गेला. मामा एवढेच म्हणाले, "मण्णु होद्रे मत्ते बरल्ल." गेलेली माती परत येत नाही.

तेव्हापासून मी आंध्रातल्या अराकू खोऱ्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. पूर्व घाटातल्या या डोंगरांत आदिवासी कुटुंबे लहान लहान तुकड्यांवर कॉफी पिकवतात. नांदी फाउंडेशन त्यांच्यासोबत उभी राहिली, शेतकऱ्यांची सहकारी संस्था झाली. शेण आणि पालापाचोळ्याचे कंपोस्ट, डोक्यावर उंच झाडांची सावली, त्यांच्यावर मिरीचे वेल आणि फक्त लाल फळांची वेचणी, असा हा क्रम. २०१७ मध्ये या कॉफीचे दुकान थेट पॅरिसमध्ये उघडले. २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी आपल्या कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकालाही ते मिळाले.

मला यात दानधर्म दिसत नाही, चोख व्यवहार दिसतो. पालापाचोळ्याने झाकलेल्या जमिनीवर पावसाचा मारा थेट बसत नाही, पाणी मुरते, गांडुळे टिकतात. पण कंपोस्ट करायला आणि एकाच झाडाची फळे तीन-चार वेळा वेचायला मजुरी लागते. चांगल्या मालाला वेगळा भाव मिळाला, तरच लहान शेतकऱ्याला ती परवडते. माती राखायची तर बाजारही राखावा लागतो.

मामांनी तणनाशक बंद केले आहे. फळांची साले आता ओढ्यात न जाता खड्ड्यात शेणाबरोबर कुजतात. व्यापारी मात्र सगळ्यांचा माल एकाच भावाने उचलतो. म्हणून शेजारच्या चौघांनी मिळून माल वेगळा वाळवून एकत्र विकायचा, असा विचार चालला आहे. हिशेबाची वही माझ्याकडे सोपवली आहे!

परवा इथल्या दुकानात मी विचारले, "ही पूड कुठल्या मळ्यातली?" दुकानदार हसला. म्हणाला, "सर, असे कुणी विचारत नाही."

आपण विचारायला काय हरकत आहे?