तळातून वर येणारा रस्ता

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की वळसंगच्या आसपास काळी रानं लागतात. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा फत्तर. त्या फत्तरासाठी खोदलेल्या एका खाणीत मी उतरलो, तो तळातून वर येणारा रस्ता पाहायला. खाणीवरचे लोक त्याला रॅम्प म्हणतात.

दगडखाणीत टिपर रिकामा उतरतो आणि भरून चढतो. म्हणजे सगळा जोर चढावर. सुरुंग लावून दगड काढणाऱ्या खाणीला खाणसुरक्षेचे नियम लागू होतात, आणि त्या नियमांत रस्त्याचा चढ सोळास एक याहून तीव्र नसावा असं म्हटलं आहे. थोड्या अंतरापुरता दहास एक चालतो. वळणावर चालकाला निदान ३० मीटर पुढचं दिसलं पाहिजे, आणि दरीच्या अंगाला भक्कम बांध हवा. बांध म्हणजे कडेला ओतलेला मातीचा ढीग नव्हे. चाक तिकडे गेलंच तर गाडी अडली पाहिजे, इतका तो दणकट लागतो.

पण आखणी बरोबर असली तरी रस्ता मऊ पडला की सगळं गणित फिरतं. चाक जितकं रुततं तितका जणू चढ वाढतो. टणक रस्त्यावर गाडी पुढे ढकलायला वजनाच्या साधारण दोन टक्के जोर लागतो, चिखलात तोच आठ टक्क्यांवर जातो. सोळास एक हा चढ सव्वासहा टक्क्यांचा. म्हणजे चिखल झाला की त्या चढावर जवळपास तेवढाच आणखी एक चढ येऊन बसतो. २५ टनांच्या भरल्या गाडीला दीड टन जादा ओढ लागते. डिझेल, क्लच, टायर, सगळं त्यातच झिजतं.

रस्त्याची देखभाल पाहणारे मुकादम एका खड्ड्यापाशी थांबले होते. मला वाटलं, आता खडी ओततील. त्यांनी आधी टिकावाने कडेच्या चरापर्यंत वाट काढून साचलेलं पाणी सोडलं. "पाणी कुठं जायलंय ते बघा आधी साहेब, मग खड्डा बघा," ते म्हणाले. मग खालचा राडा टणक थर लागेपर्यंत खरवडून काढला, खड्ड्याच्या कडा उभ्या छाटल्या, आणि खडी-मुरूम थराथराने भरून प्रत्येक थर दाबून घेतला. शेवटी वरून कच पसरली, कारण नुसती खडी चाकाखाली निसटते. बारीक माल तिला धरून ठेवतो. राड्यावरच खडी ओतली असती तर दोन-चार खेपांतच ती खाली गेली असती.

मधेच एका टिपरमधून दगड सांडला, तर मुकादमांनी तो लगेच उचलायला लावला. धारदार फत्तर भरल्या गाडीच्या टायरला आडवा कापतो.

उन्हाळ्यात याच रस्त्यावर धूळ उडते आणि पुढची गाडी दिसेनाशी होते. टँकरने पाणी मारतात, ते थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. एकदम जास्त मारलं तर उतारावर घसरण होते.

चंद्रपूरकडच्या मोठ्या उघड्या कोळसा खाणींत या कामासाठी ग्रेडर असतात. लहान दगडखाणीत एखादा जेसीबी, तोही दुसऱ्या कामातून मोकळा झाला तर. तरीही मला वाटतं, यंत्रापेक्षा उणीव लक्षाची असते. जिथून गावोगावच्या रस्त्यांना खडी जाते, तिथल्या रॅम्पला ती सर्वांत शेवटी मिळते.

सोलापुरात पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो. खाणमालकांना सांगणं एवढंच, की तो पाऊस लागण्याआधी चर साफ करून घ्या, आणि चांगल्या खडीच्या पहिल्या खेपा आपल्याच रॅम्पवर टाका. त्या रस्त्याने तुमची माणसं ये-जा करतात.