मोटर न्यूरॉन विकार आणि व्हेंटिलेटर : रुग्णाच्या निवडीचा प्रश्न

प्रस्तावना :
मेंदू व मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचे आदेश पोहोचवितात, त्या क्रमाक्रमाने नष्ट होणे हे मोटर न्यूरॉन विकाराचे मूळ स्वरूप होय. हातपाय, वाचा व गिळण्याची क्रिया यांबरोबरच श्वसनाचे स्नायूही दुबळे होत जातात. बहुसंख्य रुग्णांचा मृत्यू श्वसन निकामी झाल्यामुळे होतो व लक्षणे सुरू झाल्यापासून हा काळ बहुधा दोन ते पाच वर्षांचा असतो. विकार पूर्णतः बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. श्वास मात्र यंत्राच्या आधारे चालू ठेवता येतो. तो ठेवावा काय, कोणत्या मार्गाने व कोठपर्यंत, हे केवळ वैद्यकीय मोजमापांवरून ठरू शकत नाही. या निर्णयातील रुग्णाच्या निवडीचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

श्वसनसाहाय्याचे दोन मार्ग :
श्वासपटल दुबळे झाले की प्रथम झोपेत श्वास उथळ होतो व रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळची डोकेदुखी, तुटक झोप, दिवसा येणारी गुंगी व उताणे निजल्यावर लागणारी धाप ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी मास्कद्वारे दाबाने हवा देता येते. न्यूकॅसल येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ४१ रुग्णांवरील चाचणीत, घसा व जिभेचे स्नायू फारसे बाधित नसलेल्या रुग्णांच्या मध्यक आयुर्मानात २०५ दिवसांची वाढ आढळली. जीवनाची गुणवत्ताही टिकून राहिली. हे स्नायू गंभीररीत्या बाधित असणाऱ्यांचे आयुष्य मात्र वाढले नाही.

दुसरा मार्ग म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसविणे, अर्थात ट्रॅकिओस्टॉमी. यामुळे आयुष्य अनेक वर्षांनी वाढू शकते. परंतु विकाराची वाटचाल थांबत नाही. नळीतील स्राव वारंवार ओढून काढावा लागतो, अखंड वीजपुरवठा लागतो आणि रात्रंदिवस कोणीतरी जवळ असावे लागते. म्हणजेच रुग्णाच्या निवडीत कुटुंबाचे श्रम व खर्चही अंतर्भूत असतात.

सुरू करणे आणि थांबविणे :
या दोन निर्णयांचा परस्परसंबंध जपान व ब्रिटन यांच्या तुलनेने स्पष्ट होतो. जपानमध्ये ट्रॅकिओस्टॉमीसह व्हेंटिलेटर स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त आहे. व्हेंटिलेटरवर असलेले यासुहिको फुनागो २०१९ मध्ये तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आले. परंतु एकदा लावलेले यंत्र काढण्यास तेथे स्पष्ट कायदेशीर आधार नाही. त्यामुळे 'हो' म्हणणे हा जवळजवळ अपरिवर्तनीय निर्णय ठरतो. याउलट, इंग्लंडमधील न्यायालयाने २००२ मध्ये 'मिस बी' या, अन्य आजाराने लुळ्या पडलेल्या स्त्रीच्या खटल्यात निर्णयक्षम रुग्णाचा व्हेंटिलेटर नाकारण्याचा अधिकार मान्य केला. मोटर न्यूरॉन विकाराच्या रुग्णाने विनंती केल्यास त्याला त्रास होऊ न देता यंत्र कसे काढावे, याविषयी तेथील उपशामक वैद्यकाच्या संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केले. थांबविण्याची मोकळीक असेल तरच रुग्ण निर्भयपणे उपचार सुरू करून पाहू शकतो.

भारतातील स्थिती :
सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मृत्यूचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला व वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ झाली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून इच्छापत्र साक्षांकित करता येते. मात्र रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तेव्हाच ते लागू होते. या विकारात अनेकदा बुद्धी शाबूत राहते आणि वाचा जाते. काहींच्या विचारशक्तीवरही परिणाम होतो. म्हणून बोलता व समजता येत आहे तोवरच रुग्णाशी चर्चा होणे अगत्याचे ठरते.

ही चर्चा टळली तर निर्णय मध्यरात्रीच्या धावपळीत नातेवाइकांवर येऊन पडतो. १९८५ मध्ये न्यूमोनियाने बेशुद्धावस्थेत असलेल्या स्टीफन हॉकिंग यांचा व्हेंटिलेटर बंद करण्याचा पर्याय डॉक्टरांनी मांडला असता त्यांच्या पत्नीने तो नाकारला. त्यानंतर ते २०१८ पर्यंत जगले. परंतु प्रत्येक रुग्णाची इच्छा तीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

निष्कर्ष :
व्हेंटिलेटरविषयीची निवड हा एका सहीचा विषय नसून ती टप्प्याटप्प्याने चालणारी प्रक्रिया आहे. घेणे, न घेणे, काही काळ वापरून पाहणे व थांबविणे हे चारही पर्याय रुग्णापुढे वेळेवर व प्रामाणिकपणे मांडले गेले पाहिजेत. यंत्र नाकारणाऱ्या रुग्णाचीही धाप व भीती औषधांनी कमी करता येते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. या माहितीवाचून दिलेली संमती किंवा नकार यांना खऱ्या अर्थाने निवड म्हणता येणार नाही.